डॉयलचा डबा आणि पीचच्या बरण्या

आयडाहो,
३ ऑगस्ट

चि. डॉयल यास रोवेनाताईचे अ. आ. ऐकणार नाहीस, तरी घे.

फोनवर तू नुसता हुं हुं करतोस, म्हणून लिहिते. गवत कापणाऱ्या माणसाचा सामानाचा ट्रेलर घेऊन तू त्यात आईला झोपायची सोय करतो आहेस, असं तिनेच सांगितलं. आणि ओढणार कोण, तर तुझी ती मुठीएवढी गाडी! तुझे भावोजी ग्रँट इतके हसले की कॉफी सांडली. म्हणाले, त्यापेक्षा बकरी जुंप म्हणावं.

आमच्या टेसाचं लग्न सप्टेंबरात. आजी पहिल्या रांगेत नसेल तर लग्न पुढे ढकलते, असं पोरगी म्हणते आहे. आईला विमानात बसव, संध्याकाळी माझ्या दारात असेल. पण नाही, तू तिला खुराड्यात घालून डोंगर ओलांडणार! वाटेत तिला काही झालं तर तुझं तोंड पाहणार नाही.

लोभ आहे, तुझ्या डब्यावर मात्र नाही.

रोवेना

मिसुरी,
२६ ऑगस्ट

ती. रोवेनाताईस डॉयलचा सा. न. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. बकरीवर खूप हसली. विमानाबद्दल म्हणाली की जमीन सोडायची ती एकदाच, आणि त्याला तिकीट लागत नाही. तिची कंबर तुला इतक्या लांबून दिसत नाही, ताई. थोडा वेळ बसली की तिला आडवं व्हावंच लागतं. विमानात तिला पलंग कोण देणार? बसेल माझ्या शेजारी गाडीत, आणि दुखायला लागलं की थांबून मागे ट्रेलरमध्ये पडेल.

तुझ्या स्वयंपाकघरातलं एक कपाट माझ्या अख्ख्या ट्रेलरपेक्षा जड असेल. मी पातळ प्लायवूड लावलं, भिंतींत फोम भरला. पलंग चाकांच्या पुढे घेतला, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडायच्या आकड्यावर भार नीट बसतो. पशुखाद्याच्या गिरणीतल्या वजनकाट्यावर तोलूनही आणला. तिथली मंडळी विचारत होती, डुकरं कुठं आहेत म्हणून. गाडीला झेपेल तेवढंच वजन भरलं, तेव्हा मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

आई आत आडवी झाली आणि म्हणाली, तुझ्या बापाने बांधलेल्या घरापेक्षा इथे वारा कमी शिरतो. हे कौतुक की टोमणा, अजून कळलं नाही.

आशीर्वाद पाठव. त्याला वजन नसतं, गाडीला झेपेल.

डॉयल

नेब्रास्का, रस्त्याकडेला,
११ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

हसायचं तेवढं हसून घे. निघायच्या आदल्या संध्याकाळी चर्चची सगळी मंडळी आली. आपली चाल तू विसरली असशील: नवा संसार मांडणाऱ्याला प्रत्येकाने पौंडभर काहीतरी द्यायचं. पण आपल्याकडे पौंडभरावर थांबतो कोण? पीचच्या बरण्या, लोणची, पीठ, काकवी. टेसासाठी प्रेमाने आणलेलं परत कसं करणार? पुढे आईचा पलंग, म्हणून सगळं मागच्या दाराशी रचलं. पुन्हा काट्यावर नेलं नाही. लोकांचा आहेर तोलायला मला बरं वाटेना.

परवा उतारावर वारा सुटला. भार मागे पडल्यामुळे आकडा हलका झाला होता. ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला आणि गाडीलाही हलवू लागला. कसाबसा थांबलो. मी डोळे मिटले तर आई म्हणाली, प्रार्थना नंतर कर, आधी बरण्या काढ. मी म्हटलं, लोकांनी श्रद्धेने दिलंय. तिने विचारलं, टेसाला खायला दिलंय की मला पुरायला?

पलंगाखाली सारलं तर तोल सावरतो, पण एवढं ओझं घेऊन गाडी डोंगर चढणार नाही. म्हणून आई जिथे आडवी व्हायला थांबते तिथे बरण्या वाटते, आणि सोबत लग्नाचा पत्ताही देते. मी अडवलं तर मलाच गप्प बसवते.

पोचू असं वाटतं. लोभ तसाच ठेव, जमल्यास थोडा वाढव.

डॉयल

आयडाहो,
२ ऑक्टोबर

चि. डॉयल यास अ. आ., या खेपेस खरेखुरे.

तुम्ही घरी सुखरूप पोचल्याचं आईचं पत्र आलं. इथे असताना पाहुण्यांपुढे बोलता आलं नाही, ते आता ऐक.

नवी गादी घातलेली खोली सोडून आई अंगणात तुझ्या खुराड्यात झोपली. शेजारीण मला विचारते, आईला घरात घेत नाहीस का! लग्नात पहिल्या रांगेत आईसाहेब उशी घेऊन सरळ आडव्या, आणि टेसा शपथ घेताना हसते की रडते ते पाद्र्यालाही कळेना. जेवणाची ताटं नेमकी मांडलेली, तर दारात चिखलाने माखलेले ट्रक उभे! वाटेत आईने बरणी दिलेला वायोमिंगचा मेंढीवाला, त्याची बायको, आणखी कोण कोण, प्रत्येकाच्या हातात न उघडलेली बरणी. म्हणे आजीबाईंनी बजावलंय, तिथे येऊन उघडायची. तुझ्या डब्याला जे झेपलं नाही ते परक्यांनी आणून पोचवलं, आणि तू कोपऱ्यात उभा राहून हसत होतास. तेव्हाच कान पिळायला हवा होता.

डबा उभा होता तिथलं गवत पिवळं पडलंय. ग्रँट तिथे बी टाकायला निघाले होते. मी म्हटलं, राहू द्या. पुढच्या उन्हाळ्यात डबा तिथेच पुन्हा उभा राहणार, बी कशाला फुकट घालवायचं? पण मला डबा आवडला असं गावात सांगत फिरू नकोस.

लोभ पाठवते आहे. मागच्या दाराशी रचू नकोस, चाकांच्या पुढे ठेव.

रोवेनाताई