उधाणाचं घराणं

श्री
मुंबई, ता. १२ जानेवारी १९३४

ती. सगुणाताईस रघूचा सा. न. वि. वि.

काशीचे वडील, भागोजी, आपलं घर बघायला यायचे आहेत. तेवढे दिवस आबांना केळशीला आत्याकडे धाड. सध्या त्यांना उधाण आलंय म्हणतेस. भागोजींच्या देखत आपली होडी कुणाला दान केली, तर माझं लग्न आटोपलंच. कुणी विचारलं तर सांग, आमच्या घराण्यात सगळे शहाणे.

मी मजेत. झोप येत नाही, तिची गरजही वाटत नाही. गोदीतली नोकरी काल सोडली. मिरकरवाड्यात बर्फाचा कारखाना काढणार आणि सुरमई थेट विलायतेला! साहेबाला तोंडावर सांगितलं, तो घाबरला. लग्नाला बँड दोन सांगितलेत. एक दमला तर दुसरा.

माया आहे ती वाढू दे.
रघू

मिरकरवाडा, ता. २० जानेवारी

चि. रघूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आबा उधाणात असेच बोलतात. पावसाला पाच महिने असताना त्यांनी परवा एकट्याने घर शाकारलं. आम्ही मुद्दामच अडवलं नाही, मजुरी वाचली.

बाबा रे, तुझं नाक आबांचं, तसं हेही त्यांचंच. आजोबा, आबा, आपला थोरला दादा, तिघांपायी देवाला कोंबडे दिले. देव लठ्ठ झाला, दुखणं जागच्या जागी.

भागोजींना मी सगळं सांगितलं. उधाण ओसरलं की महिना महिना भिंतीकडे तोंड, हे सांगितलं. दादाचा विहिरीवर पाय घसरला नव्हता, हेही. मुलगी देणाऱ्याला फसवायचं नाही. काशीला विचारतो म्हणून गेले.

ओहोटी लागायच्या आत घरी ये. मला तुझी भीती वाटते.
तुझी ताई

मुंबई, ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

अंथरुणातून उठवत नाही. काशीला मोकळं करा. दादाची फार आठवण येते.
रघू

मिरकरवाडा, ता. १९ फेब्रुवारी

चि. रघूस आशीर्वाद.

तुझ्या शेजारच्या मोरूला तार केली आहे. तो तुझ्यापाशीच बसेल, तू कितीही शिव्या घाल. काशीचा निरोप आहे, की आधी माणूस घरी आणा, मोकळं व्हायचं की नाही ते मी बघेन. पोरगी खमकी आहे.

उद्याच्या आगबोटीने आबा निघतायत. आठवडाभर तेही भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुझं पत्र वाचून दाखवलं, तसे उठले, दाढी केली. मी म्हटलं, तुम्हाला मुंबई कुठे ठाऊक? म्हणाले, मुंबई नाही ठाऊक, पण रघ्या कुठे बसलाय ते मला ठाऊक आहे.

अधिक काय लिहू. दाराला कडी लावू नकोस.
तुझी ताई