दाराजवळचा बाक

नुकुअलोफा,
१० फेब्रुवारी १९८६

ती. कालोलाइने आत्यास,
तोआकासेचा कृ. सा. न. वि. वि.

मी राजधानीत सुखरूप पोचले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे बोटीवर मी पुढे बायकांत बसले आणि तुमचा सोसाइया मागे, इंजिनाजवळ. तुम्ही अळूच्या पानांत भाजून दिलेलं लू दुपारपर्यंत टिकलं नाही, कारण शेजारच्या बाईंनी वास घेऊन विचारलं की हे हाआनो बेटाचं का, मग त्यांना द्यावंच लागलं.

वसतिगृहात आम्ही बाहेरच्या बेटांवरच्या बारा मुली आहोत. सगळं ठीक आहे. एक इंग्रजीचा तासच कळत नाही. भाषा कळत नाही असं नाही. तास कळत नाही. शिकवायला मिस ड्वायर आहेत. त्या ऑस्ट्रेलियाहून यंदाच आल्यात. पहिल्याच दिवशी त्यांनी एकेक कागद वाटला. माध्यमिक शाळेत इंग्रजीच्या तासाला काय काय होईल, ते त्यावर आहे. रोज मोठ्याने वाचायचं. स्वतःचं मत सांगायचं. समजलं नाही तर उभं राहून विचारायचं. बाईंचं म्हणणं पटलं नाही तर का पटलं नाही तेही सांगायचं! आणि सहामाही संपायच्या आत सगळ्या वर्गाने मिळून एक नाटक करायचं.

आत्या, माझं मत कशाबद्दल? आजवर मला कुणी विचारलंय का?

कागद वाचून झाल्यावर मिसनी विचारलं की सगळ्यांना समजलं ना. आम्ही चाळीसच्या चाळीस जणांनी भुवया उडवल्या. मिस पुन्हा म्हणाल्या, समजलं का? आम्ही पुन्हा उडवल्या. मग त्या जरा चिडून म्हणाल्या की कुणीच उत्तर का देत नाही. आणखी किती जोरात हो म्हणायचं?

काळजीची गोष्ट अशी की शंभरातले चाळीस गुण बोलण्याचे आहेत. बेटांवरच्या मुलांना इंग्रजीत पन्नास मिळाले नाहीत तर मे महिन्यात वसतिगृहातली जागा जाते. मग घरी. घरी यायला मला आवडेल, पण तसं नाही. हाआनोला गुरुवार सोडून इतर दिवशीही नर्स असावी असं मला वाटतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. नर्सचं शिक्षण सगळं इंग्रजीत असतं.

सोसाइया माझ्याच वर्गात आहे. दोन तुकड्या असून तो नेमका माझ्याच. मी खिडकीपाशी बसते, तो पार पलीकडे, दाराजवळच्या बाकावर.

बाबांना नमस्कार सांगा. उत्तराची वाट पाहते.

तुमची,
तोआकासे

---

हाआनो,
२१ फेब्रुवारी

चि. तोआकासेस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र तुझ्या बाबांना वाचून दाखवलं. ते जाळं विणता विणता थांबले, म्हणजे ऐकलं.

तुला मत नाही म्हणतेस? तीन वर्षांची असताना भर चर्चमध्ये तू पाळकांना सांगितलंस की आता आमेन म्हणा. सगळं गाव अजून हसतं. पण ते घर होतं. बाई परक्या आहेत, वडीलधाऱ्या आहेत, तेव्हा तिथे रीतीने वाग. त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघू नकोस. एकदा विचारलं की लगेच बोलायला धावू नकोस, तीनदा विचारू दे. आणि मत सांगायचंच झालं तर बाईंना जे आवडतं तेच आपलं मत. त्या कागदाचं मला विचारशील तर तो ऑस्ट्रेलियातल्या मुलांसाठी छापलेला असणार, चुकून इकडच्या बोटीत पडला.

सोसाइया त्याच वर्गात आहे हे वाचून माझा अर्धा घोर गेला. भाऊ जवळ असला की बहिणीला काय कमी.

तुझी कमरेची पट्टी विणून होत आलीय. पुढच्या बोटीने पाठवते.

तुझी,
आत्या

---

नुकुअलोफा,
१२ मार्च

ती. आत्यास,
तोआकासेचा कृ. सा. न. वि. वि.

पट्टी मिळाली. रविवारी नेसले. सगळ्या मुली उलटून पालटून बघत होत्या.

तुम्ही सांगितलंत तसंच मी केलं. मान खाली घातली. मिसनी एकदा विचारलं, मी गप्प. दुसऱ्यांदा विचारलं, गप्प. तिसऱ्यांदा त्यांनी मला विचारलंच नाही, पुढच्या मुलीला विचारलं. आत्या, त्या तीनपर्यंत थांबतच नाहीत. तासानंतर मला बोलावून म्हणाल्या की मी बोलतेय तेव्हा माझ्याकडे बघ, नाहीतर तुझं लक्ष नाही असं मला वाटतं. मला तर वाटत होतं की मी इतकं लक्ष कधीच दिलं नव्हतं.

बोलण्याचे गुण आतापर्यंत शून्य.

आणि परवा आणखीनच वाईट झालं. मिसनी स्वतः लिहिलेलं नाटक वाटलं. मला मोठं काम दिलं, राजाच्या मुलीचं. सगळ्यात जास्त वाक्यं तिचीच आहेत. ते नीट केलं तर माझे सगळे गुण भरून निघतील असं त्या म्हणाल्या. मी पान उलटलं, दुसऱ्या पात्रासमोर कुणाचं नाव लिहिलंय ते वाचलं आणि उठून वर्गाबाहेर गेले. न विचारता. मिस मागून हाका मारत होत्या.

का गेले ते मला लिहवत नाही. तुमच्याच घरातली गोष्ट आहे म्हणून तर मुळीच नाही. सोसाइयालाही विचारू नका.

आज डोकं नुसतं भणभणतंय. काय करू ते सांगा.

तुमची,
तोआकासे

---

हाआनो,
२१ मार्च

चि. सोसाइयास,
आशीर्वाद.

आशीर्वाद सवयीने लिहिला. आता खरं सांग, तू तोआकासेला काय केलंस?

ती लिहिते की तुला विचारू नका. म्हणजे विचारण्यासारखं काहीतरी आहे. तू तिला चारचौघांत हसलास का? तिच्या इंग्रजीची टिंगल केलीस? तुझ्या मामाची ती एकुलती एक मुलगी. तिचं पान आधी वाढायचं, तिच्यासमोर आवाज चढवायचा नाही, हे तुला दुधाबरोबर शिकवलं. शहरात जाऊन दीड महिन्यात विसरलास?

तुझ्यामुळे ती परत आली तर तूही पुढच्या बोटीने ये. इथे डुकरांना नारळ फोडून घालायला माणूस हवाच आहे.

लगेच लिही. कार्ड नको, पत्र लिही.

आई

---

नुकुअलोफा,
२ एप्रिल

ती. आईस,
सोसाइयाचा सा. न. वि. वि.

मी काहीही केलेलं नाही. मी तिच्याशी बोललोसुद्धा नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. ती उठून गेली तेव्हा मी पण उठलो, पण दारातून ती जात होती म्हणून मी खिडकीतून गेलो. खाली दुसऱ्या तुकडीच्या फोनुआ मास्तरांची सायकल होती. सायकलीला फार लागलं नाही. मलाही.

तू आता विचारशील की मी का गेलो. आई, ते नाटकात आहे आणि नाटकातलं मी तुला कसं लिहू? तू आई आहेस.

मिसना वाटलं की आमचं भांडण झालंय. त्या खूप चांगल्या आहेत गं, रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की एका गावची मुलं अशी वागत नाहीत. आणि समेट व्हावा म्हणून त्यांनी आम्हाला एकाच बाकावर बसवलं. शेजारी शेजारी! वर्गातली बेटांवरची सगळी मुलं खाली मान घालून बसली, कुणी हसलंही नाही, इतकं ते वाईट होतं. मी बाकाच्या अगदी टोकाला सरकलो आणि पडलो. दुसऱ्या दिवशी पोटात दुखतं म्हणून गेलो नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात दुखलं. असं आठवडाभर आम्ही पाळीपाळीने आजारी पडलो, तेव्हा मिसनी कंटाळून आम्हाला पुन्हा आपापल्या बाकावर बसवलं.

ती वर्गात का बोलत नाही हे मिसना कळत नाही. मला कळतं. मी असताना ती कशी बोलेल? त्या कागदावर जे जे लिहिलंय, मोठ्याने वाचा, मनातलं सांगा, गोष्टीतल्या प्रेमाबद्दल काय वाटतं ते सांगा, त्यातलं एकही भावासमोर होत नाही. मीही तिच्यासमोर तोंड उघडत नाही. पण माझे लेखी गुण बरे आहेत. तिचे दोन्ही मिळून पस्तीस होतात. नोटीस लागलीय.

डुकरांसाठी येऊ का?

तुझा,
सोसाइया

---

हाआनो,
१४ एप्रिल

चि. तोआकासेस,
अनेक आशीर्वाद वि. वि.

एकाच बोटीने दोन पत्रं आली. एक सोसाइयाचं, दुसरं तुझ्या मिसचं. ते पाळकांनी मला वाचून दाखवलं. बाई लिहितात की तुमची भाची हुशार वाटते, पण हट्टी आहे. तुमच्या मुलाशी तिचं काही बिनसलंय. दोघं एकाच बेटावरची, सुटीतही मिळून सराव करतील, म्हणून मी त्यांना नाटकात एकमेकांवर प्रेम करणाऱ्या राजकन्येची आणि कोळ्याची कामं दिली.

इथे पाळक थांबले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले की कालोलाइने, पुढचं मी मनात वाचू का?

पोरी, मी कपाळावर हात मारून घेतला. मी तुझं पत्र तीनदा वाचलं, सोसाइयाचं दोनदा, आणि डोक्यात एकच धरून बसले, भांडण. मी मूर्खच. परवाचीच गोष्ट. मी चटई विणत होते, तुझे बाबा समोर बसून गळ ओवत होते आणि रेडिओवर एक लाडिक गाणं लागलं. बाबा उठले आणि होडी बघून येतो म्हणाले. होडी वाळूवर उलटी पडलेली, तिला काय बघायचंय? पन्नाशीचा माणूस तो, पण बहिणीसमोर तसलं गाणं ऐकत बसला नाही. गाणं संपलं तसे परत आले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. आमचं आयुष्य असंच गेलं आणि त्यात मला कधी काही अडलं नाही. म्हणूनच तुझं अडलेलं मला दिसलं नाही. वर मी लिहिलं की भाऊ जवळ आहे, घोर गेला!

आता ऐक. मी आधी जे सांगितलं ते विसर. ते माझ्या ओट्यावर बरोबर होतं, बाईंच्या वर्गात नाही. त्यांनी तो कागद तुम्हालाच दिलाय, बोट चुकलेली नाही. या पत्रासोबत मी बाईंसाठी आपल्या भाषेत चार ओळी लिहिल्यात. भाऊ म्हणजे काय, बहीण म्हणजे काय, तुमच्या नाटकाने या पोरांचं काय झालं, आणि यात उर्मटपणा कुणाचाच नाही. पाळक म्हणाले, मी इंग्रजी करून देतो. मी नको म्हटलं. ते इंग्रजी तू कर. सोसाइयाला बाहेर पाठवायला सांग, वर्गात उभी राहा, बाईंच्या तोंडाकडे बघ आणि वाच. मोठ्याने. पाळकांना आमेन म्हणायला सांगितलंस तसं.

हे मी आत्या म्हणून सांगतेय. तुझ्या बाबांच्या घरात माझा शब्द कुणी मोडत नाही, तूही मोडू नकोस.

तुझी,
आत्या

---

नुकुअलोफा,
१८ एप्रिल

ती. आईस,
सोसाइयाचा सा. न. वि. वि.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही. तेवढ्यात मी एक करून बसलोय, म्हणून लिहितो.

मी तुकडी बदलून घेतली. आता फोनुआ मास्तरांकडे जातो. त्यांच्या तासाला मत विचारत नाहीत, फळ्यावरचं उतरवून घ्यायचं. सायकलीची आठवण ते रोज काढतात. या तुकडीतून मासेमारीच्या बोटीवरच्या शिक्षणाला जाता येतं, फक्त एक वर्ष जास्त लागतं. मुख्याध्यापकांनी विचारलं की चांगल्या तुकडीतून का जातोस. मी म्हटलं की झेपत नाही. खरं कारण सांगितलं असतं तर तिचं नाव घ्यावं लागलं असतं.

तिला सांगू नकोस. ती समजेल आपलं आपण.

तू रागावली असशील तर त्यात हेही धर.

तुझा,
सोसाइया

---

नुकुअलोफा,
३ मे

ती. आत्यास,
तोआकासेचा कृ. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी मिसना सांगायला गेले की सोसाइयाला थोडा वेळ बाहेर पाठवा. मिस म्हणाल्या, तो या वर्गात नाहीच आता. मी मान वर करून पाहिलं. दाराजवळचा बाक रिकामा होता. आठवडा झाला होता म्हणे. मी तिकडे कधी बघतच नाही, त्यामुळे मला कळलंच नाही.

मग मी तुमचं पत्र वाचलं. तीन शब्द मला इंग्रजीत सापडले नाहीत, ते आपल्याच भाषेत म्हटले आणि मिसनी ते वहीत लिहून घेतले. मिसच्या तोंडाकडे बघितलं तेव्हा कळलं की त्यांचं तोंड लाल झालंय. त्यांनी विचारलं की तुमची आडनावं वेगळी, मग भाऊ कसा? त्यांच्याकडे आत्याच्या मुलाला वेगळं नाव असतं आणि तो कुणीही असू शकतो. मी म्हटलं की मिस, हे मला पटत नाही, आणि का पटत नाही तेही सांगितलं. दहा मिनिटं बोलत होते म्हणे. मिसनी अख्ख्या वर्गाला विचारलं की आणखी कुणाचे भाऊबहीण इथे आहेत. बावीस जणांनी भुवया उडवल्या. या वेळी त्यांनी मोजल्या.

काल नाटक झालं. कोळी झाली वावाऊ बेटावरची लुपे. तिने पेन्सिलीने मिशी काढली होती. मला अठ्ठावन्न गुण मिळाले आणि वसतिगृहातली जागा राहिली.

पण आत्या, मला अजून कळत नाही. तुमचं पत्र यायच्या आधीच तो का गेला? मिस त्याला परत घेते म्हणाल्या, आमच्यासाठी वेगळे तास करते म्हणाल्या. तो नको म्हणाला. मला त्याला विचारता येत नाही. त्याचे आभारही मानता येत नाहीत. हे इंग्रजीत मला कदाचित लिहिता आलं असतं, पण त्याला तसं कसं लिहिणार?

तुम्ही जेव्हा त्याला लिहाल, तेव्हा त्याच्यासाठी माझ्याकडून काहीतरी विणून पाठवा. माझं नाव घालू नका.

तुमची,
तोआकासे

---

नुकुअलोफा,
३० मे

ती. आईस,
सोसाइयाचा सा. न. वि. वि.

कमरेला नेसायची विणलेली चटई मिळाली. सणाची वाटते, रोज नेसू का? कुणाकडून ते तू लिहिलं नाहीस. बरं केलंस.

परत का जात नाही असं विचारतेस. मिसनी वेगळे तास केले तरी वर्ग तोच, बाक तेच. मी दाराजवळ आहे म्हटल्यावर ती पुन्हा खिडकीबाहेर बघत बसेल. एक वर्षच तर जास्त. मासे कुठे जात नाहीत.

फोनुआ मास्तरांच्या आणि मिसच्या वर्गामध्ये फळीची भिंत आहे. पलीकडचं सगळं ऐकू येतं. नाटकाच्या दिवशी पलीकडे ती बोलायला लागली आणि मी कानांत बोटं घातली. मास्तरांनी पाहिलं. त्यांना दोन बहिणी आहेत. ते फळ्यावर लिहीत राहिले, मला काही विचारलं नाही. उतरवून घेता येईना, कारण दोन्ही हात कानांत. बराच वेळ गेला. मग पायाखालची फळी हलायला लागली, तेव्हा मी बोटं काढली.

टाळ्या होत्या, आई. पुष्कळ वेळ चालल्या. तेवढ्या मी ऐकल्या.

डुकरांना माझा नमस्कार. तुझी माया आहे तेवढीच पुरे, वाढवू नकोस, लाडावेन.

तुझा,
सोसाइया