पाण्यातून काढलेली खोळ

६ जानेवारी
ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बारा वर्षांनी बाबांच्या छोट्या विमानावरची ताडपत्री काढली. उजव्या पंखाचं कापड उतरवून झालंय. आत नुसत्या लाकडी बरगड्या आणि उंदरांचं ऐसपैस बिऱ्हाड. नवं कापड कोणतं घालायचं यावरून बाबांचं नि माझं रोज वाजतं. त्यांना जुनंच हवं, म्हणजे सुती कापड आणि त्यावर उग्र वासाच्या रोगणाचे आठ हात. रोगण वाळलं की कापड ताणलं जातं. मला नवं पॉलिएस्टर हवंय. ते सांगाड्याला चिकटवून वर इस्त्री फिरवायची, की झालं तंग. बाबा विचारतात, हे विमान आहे की शर्ट.

कापड कोणतंही येवो, पंखाची खोळ शिवायला तुझ्यासारखा हात आमच्या अख्ख्या शेडमध्ये कुणाचा नाही. तुम्ही बहीणभाऊ बोलत नाही हे माहीत असूनही विचारते, शिवशील का? बाबांना न सांगता लिहितेय, तेव्हा उत्तर माझ्या खोलीवर पाठव.

तुझी,
खटपट


१४ जानेवारी
चि. खटपटीस,
अ. आ.

पत्र वाचलं. उंदरांना तरी त्या विमानाचा उपयोग झाला म्हणायचा.

तू तेव्हा लहान होतीस, म्हणून एकदा नीट सांगते. हवेत असताना डाव्या पंखाचं कापड फाटलं. तुझा बाप कसाबसा खाली उतरला, देवाची कृपा. उतरल्या उतरल्या शेडमध्ये बाकावर चढून दहा जणांना म्हणाला की ताईची शिवण उसवली. चाळीस वर्षं शिवतेय मी. माझी टीप आजवर उसवलेली नाही. पण त्या दिवसापासून लोक माझ्याकडून साधे पडदे नेतानाही दोनदा ओढून बघतात. मला फार लागलं ते. अजून लागतं.

त्या उन्हाळ्यात त्याने घाई करून रोगणावर फाटकाचा चकचकीत रंग फासला होता. एकाचं कापड, दुसऱ्याचं रोगण आणि तिसऱ्याचा रंग एकत्र नांदत नाहीत, हे मी बजावलं होतं. डावा पंख उघडशील तेव्हा कुठे फाटलंय ते बघ. शिवण उसवली नव्हती, हे त्याने त्याच बाकावर उभं राहून म्हणावं. तोवर त्याच्या विमानाला माझी सुई लागणार नाही.

जेवत जा वेळेवर.
आत्या


२ फेब्रुवारी
ती. आत्यास,
शि. सा. न.

डावा पंख उघडला. फाटलंय ते शिवणीपासून चांगलं वीतभर लांब. तिथला रंग वाळक्या चिखलासारखा तडकलाय आणि खालचं कापडही त्याच्याबरोबर गेलंय. तुझी दुहेरी टीप मी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. माझीच बोटं दुखली.

बाबांना दाखवलं. ते तडक जाऊन धुतलेल्या कपबश्या पुन्हा धुवायला लागले. संध्याकाळी मात्र पॉलिएस्टरला हो म्हणाले, आणि कापड, गोंद, रंग सगळं एकाच कंपनीचं घ्यायचं हेही आपणहून म्हणाले.

आता एक मुद्दा. विमान गेल्या वर्षीच कागदोपत्री माझ्या नावावर झालंय. म्हणजे तुझी सुई बाबांच्या विमानाला लागतच नाही. कापड आणि मापं पाठवतेय, सोबत कंपनीचा सूचनांचा कागद आहे.

तुझी लबाड,
खटपट


२६ फेब्रुवारी
चि. खटपटीस,
अ. आ.

वकील व्हायचं सोडून पाने-हातोडे कशाला हातात घेतलेस कोण जाणे. बरं, तुझ्या विमानाची खोळ शिवून पाठवली आहे. टिपा मोजायच्या असतील तर मोज.

नव्या कापडाचा काही भरवसा नसतो, म्हणून शिवण्याआधी ते दोनदा उकळत्या पाण्यातून काढलं आणि वर कडकडीत इस्त्री मारली. जेवढं आटायचं तेवढं आटून घेतलं. आता जन्मात आटणार नाही. मापाला एक दोरा इकडेतिकडे नाही.

बाकावर कोणी चढलं का? नसेलच. मी काही वाट बघत नाही.

आत्या


११ मार्च
ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खटपटीला हे लिहायची हिंमत होत नाही, म्हणून मी लिहितो. खोळ पंखावर चढवली. शिवण देखणी आहे. पण हे कापड पंखावर चढल्यावर इस्त्रीने आटतं आणि त्यानेच तंग होतं. त्याचं सगळं आटणं तू घरीच उरकलंस. इस्त्री फिरवून फिरवून पोरीचा हात दुखला, पंख तसाच ढगळ. एखाद्याने मोठ्या भावाची विजार घालावी तसा.

शेडमधले जमले आणि विचारायला लागले की कुणाचं चुकलं. बारा वर्षांपूर्वी मी चूक नसताना तुझं नाव घेतलं होतं. आज चूक होती, पण नाव घ्यायला जीभ उचलेना. बाकावर चढलो, गुडघे दुखतात तरी. सांगितलं की तेव्हा शिवण उसवली नव्हती, फाटकाचा रंग मी लावला होता आणि ताईने बजावूनही लावला होता. ऐकणारे त्या वेळचे चारच उरलेत, पण मोठ्याने सांगितलं. मग या खोळीचं म्हणून सांगितलं की सूचनांचा कागद पार्सलात घालायला मीच विसरलो.

ताई, तुझी शिवण उसवली नव्हती हे मला तेव्हा त्याच आठवड्यात कळलं होतं. कबूल करायची लाज वाटली, आणि पुढे लाजेचीच सवय झाली.

तुझा धाकटा


१८ मार्च
चि. धाकट्यास,
अ. आ.

पत्र चारदा वाचलं. रडलेही, पण ते खटपटीला सांगू नकोस, डोक्यावर बसेल.

माझ्यासाठी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. कागद पार्सलात होता. मी त्यावर ठेवून लसूण सोलला. चाळीस वर्षं शिवणाऱ्या बाईने कापडाचा कागद वाचायचा असतो, हे मला कुठे माहीत?

रविवारी मशीन घेऊन येते. नवं कापड आणून ठेव आणि इस्त्री माझ्यापासून लांब ठेव. तो बाकही पुसून ठेव, मलाही दोन शब्द बोलायचे आहेत.

लोभ मात्र आधीच बारा वर्षं पाण्यातून निघालाय. आता आणखी आटू नये, ही विनंती.

तुझी ताई