गोवर येऊन गेलेली

४ मार्च, मंगळवार

सगळ्यांना तोंडं आहेत, हात मात्र माझेच! अक्काचा आज चौथा फोन. "चिंगे, पोरीला एकदा दाखव गं." लेक म्हणते, जाऊ या. जावई म्हणतो, अजिबात नाही. आणि मग दोघं माझ्या तोंडाकडे बघतात. "आई, तूच ठरव." म्हणजे उद्या काही झालं तर नाव माझं! उंटावरून शेळ्या हाकायला यांचं काय जातं?

अक्काचं हृदयाचं ऑपरेशन अठराला, तिकडे तिच्या गावी, बसने सात तासांवर. डॉक्टरने तिच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, पन्नास-पन्नास धरा. लहानपणी आई कामाला जायची, तेव्हा ही थोरलीच माझी आई. माझ्या वेण्या, माझं वाहतं नाक, माझा मार — सगळं तिच्याकडे. कधी काही मागितलं नाही तिने. आता मागते काय, तर माझ्या लेकीचं पाच महिन्यांचं पोर डोळ्यांनी बघायचं.

आणि इथे गावभर गोवर. पोरीला लस नाही. नऊ महिन्यांची झाली की देतात म्हणे. गोवर थांबणारे होय तोवर?

५ मार्च

आज सात पिवळ्या पिशव्या. मागच्या बुधवारी चार होत्या. दवाखान्याच्या धुलाईत बसून मला साथ किती वाढली ते पेपरवाल्याच्या आधी कळतं. पिवळी पिशवी म्हणजे गोवराच्या पोरांच्या चादरी. मशीनमध्ये टाकायच्या आधी उघडून झटकाव्या लागतात, नाहीतर चमचे, खेळणी, काय काय निघतं. गेल्या महिन्यात एकवीस तारखेला मुकादमाने विचारलं, गोवर कोणाला येऊन गेलाय? सगळ्याजणी जमिनीकडे बघत बसल्या. एक तर पोटुशी. मी हात वर केला. तेव्हापासून पिवळ्या माझ्याच. मुकादम म्हणतो, "मावशी म्हणजे आपला किल्ला!" किल्ल्याची कंबर दुखते, ते नाही विचारत मेला.

मास्क दिलाय. हनुवटीवर असतो. त्या वाफेत जीव गुदमरतो, आणि मला कशाला हवा?

आज एका चादरीतून मोजा निघाला. माझ्या अंगठ्याएवढा. उकळून फळीवर ठेवलाय. कोणी मागायला येत नाही.

६ मार्च

दमले. पोरगी माझं बोट हिरड्यांनी चावते. सोडतच नाही.

७ मार्च, शुक्रवार

सुट्टी टाकून लसीच्या खोलीत गेले. दीड तास रांग. नर्सबाई तरुण, पण तोंडाने फटकळ. आवडली मला.

"सहा महिने पुरे झाले की साथीत एक लस आधी देता येते. त्याआधी नाही."

"तीस तारखेला पुरे होतात. बहिणीचं ऑपरेशन अठराला."

"मग तीसनंतर जा ना."

"नंतर कोणाला दाखवू? फोटोला?"

पेन खाली ठेवलं तिने. मग म्हणाली, जायला मी सांगणार नाही, मावशी. पण जाणारच असाल तर बस नको. सात तासांत एक जण खोकला की झालं. तो उतरला तरी दोन तास हवेत राहतं. वेगळी गाडी, काचा खाली, वाटेत कोणाच्या हातात पोर द्यायचं नाही. आणि पोराजवळ असणाऱ्या प्रत्येकाला लस तरी झालेली पाहिजे, नाहीतर गोवर येऊन गेलेला.

म्हटलं, लेकीला लशी झाल्यात, जावयालाही. अक्काच्या घरच्यांनाही झाल्यात. मला येऊन गेलाय.

"नक्की?"

अगं, नक्की काय! चार वर्षांची होते. महिनाभर अंधाऱ्या खोलीत, हिरव्या खाटेवर, खिडकीला गोणपाट. आई जवळ येत नव्हती. हाका मारून घसा बसला माझा. ते विसरेन का मी?

तिने कागदावर खूण केली.

८ मार्च

नऊ पिशव्या. डोळे चुरचुरतात. सोड्यानेच.

९ मार्च, रविवार

जावयाशी वाजलं. तो म्हणाला, "आई, तुमची बहीण तुम्हाला प्यारी, माझी मुलगी मला." बरोबर बोलला, म्हणून जास्त लागलं. मी पण सोडलं नाही. म्हटलं, पोर झालं तेव्हा चाळीस दिवस लेकीचं बाळंतपण कोणी काढलं? तुम्ही? लेक रडायला लागली. पोरगी हसायला लागली! मग मी चहा ठेवला.

चहा झाल्यावर तोच बाहेर गेला. तासाभराने आला. कारखान्यातल्या मित्राची गाडी शनिवारी मिळते म्हणे, चालवणार हा स्वतः. "काचा खाली. कुठे थांबायचं नाही. दुरून दाखवायचं, अर्धा तास, आणि परत." बोलताना माझ्याकडे बघत नव्हता. गुणाचा आहे. तोंडावर सांगणार नाही.

ठरलं. इकडे आड तिकडे विहीर, पण पाय एकीकडे टाकावाच लागतो.

१० मार्च

पिशवी भरली. दुपटी सात, टोपी, पाण्याची बाटली. त्या मोज्याची आठवण आली, का कोण जाणे. अंग मोडून आलंय. वय झालं.

११ मार्च, मंगळवार

अक्काला फोन केला, शनिवारी येतोय. बाई लहान पोरीसारखी सुटली बोलत! "गोवराला काय भ्यायचं? मी नाही उठले त्यातून? महिनाभर पडून होते. तुला मावशीकडे ठेवलेली. परत आलीस तर मला ओळखेनास!"

म्हटलं, अक्का, गोवर मला आला होता ना?

"तुला कुठला! तुला लागू नये म्हणून तर आईने धाडलं. मावशी सांगायची ना, हिरव्या खाटेवर बसून आईच्या नावाने भोकाड पसरायचीस."

हिरवी खाट.

तशीच नर्सबाईकडे गेले. पिवळ्या पिशव्यांचं, चुरचुरणाऱ्या डोळ्यांचं, सगळं सांगितलं. रक्त दिलं. पोरीला शिवायचं नाही म्हणाली, आणि कळेपर्यंत कोणी हलायचं नाही. आज मुकादमाच्या कोठीत झोपणार. जाताना पोरीला दारातून बघितलं. हात पसरत होती.

रक्त तपासणारा म्हणतो, आठवडा लागेल. म्हटलं, आठवडा तुझ्याकडे असेल, बाबा. गाडी शनिवारी आहे. शुक्रवारी पाचच्या आत मला सांग — गोवर माझ्या अंगातून येऊन गेलाय, की अजून यायचाय?