जुन्नरच्या वेळेवर

बाई, तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता तुझ्याशी भांडायचं म्हटलं तरी ऐकायला कुणी नाही. आपण दोघी मायलेकी तुझ्या धाकट्याला भेटायला इंग्लंडला गेलो होतो ना, तेव्हाची एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. तू होतीस तोवर धीर झाला नाही, आणि आता सांगून उपयोग नाही, तरी या पत्रात सांगते.

आधी हे सांगून टाकते की मी त्याच्यावर जळत होते. बहीण-भावात असं बोलू नये म्हणतात, पण जळत होते. बारावीला रसायनशास्त्रात मी जुन्नरच्या कॉलेजात पहिली आले तेव्हा तू गल्लीभर पेढे वाटलेस, आणि पुढच्याच उन्हाळ्यात मला पेठ गावच्या किराणा दुकानदाराच्या घरी देऊन मोकळी झालीस. मी रडले तर म्हणालीस, “लई शिकलीस तर तेवढं शिकलेलं घर मी कुठनं आणू? आपल्यात मिळत न्हाई.” धाकट्याला समीकरणं मी शिकवली, माहेरपणाला आले की तुझ्या स्वयंपाकघरात, पोळ्या लाटता लाटता. तो पीएचडीला निघाला तेव्हा मात्र बाजारपेठेत दुकानोदुकानी सांगत फिरलीस, पोरगा स्वतःच्या हुशारीवर गेला म्हणून. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

वडील असून अण्णांना त्यांचं दुकान सोडवेना आणि तुला इंग्रजीचा गंध नाही, म्हणून मला बरोबर घेतलंस. मी पेठहून एसटीनं आले तर ओट्यावर सगळा त्याचाच पसारा. दालबाटीचं जाडं पीठ, मुगाच्या वड्या, तूप, पापड, छोटा कुकर. मी सहज विचारलं, “आणि मला काय?” तू डब्याचं झाकण दाबत म्हणालीस, “तुला काय करायचंय? तू तर हितंच असतीस की.” ते मला विमानात बसेपर्यंत डाचत राहिलं.

विमान उतरताना मी माझं घड्याळ मागे घेतलं आणि तुझ्यासाठी हात पुढे केला, तर तू मनगट पदराखाली झाकलंस. “माझं ऱ्हाऊ दे जुन्नरचंच. चौविहार चुकायला नको.” सूर्य मावळल्यावर अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही, हा आपल्या जैनांचा नियम तू लग्न होऊन आलीस तेव्हापासून पाळलास. माझ्या लग्नात पंगतीला उशीर झाला, तर लेकीच्या ताटाशेजारीसुद्धा तू बसली नव्हतीस. तेव्हा घड्याळाचं मला काही वावगं वाटलं नाही.

जून होता. तिथे सूर्य रात्री साडेनऊच्या पुढे मावळायचा. तुझ्या घड्याळात सात वाजायचे तेव्हा तिथे जेमतेम दुपारचे अडीच असायचे. पहिल्या दिवशी तू अडीचच्या आत जेवलीस, शेवटचं पाणी प्यायलीस आणि माळ घेऊन बसलीस. तो सहाला प्रयोगशाळेतून आला तेव्हा खिडकीतून टेबलावर चांगलं रखरखीत ऊन पडलं होतं. तू त्याच्यासमोर दालबाटी वाढलीस. “बाई, तू पण बस ना,” म्हणून तो हात धुवायला गेला, आणि तू माझ्या कानाशी आलीस. “सूर्य तर वर हाय गं. मग चालंल का? स्थानकात साध्वींना इचारायचं ऱ्हायलंच. तू शिकलेली हाईस, तुला कळतंय. तूच सांग.”

शिकलेली. सगळ्या जन्मात तू मला हा शब्द पहिल्यांदा लावलास. आणि बाई, मला उत्तर ठाऊक होतं. आपण जिथे असू तिथला सूर्य धरायचा. परदेशी राहणारे आपल्यातले लोक असंच पाळतात हे मी सासरी कितीदा ऐकलं होतं. पण तुझा एक हात दुसऱ्या ताटाकडे गेला होता आणि डोळे त्याच्या खुर्चीकडे. मी म्हटलं, “नाही बाई. नियम जिथे घेतला तिथलाच सूर्य.”

तू ताट परत ठेवलंस. “बरं झालं तू हाईस,” म्हणालीस.

पुढचे एकवीस दिवस हेच चाललं. रविवारीही तो दुपारचा प्रयोगशाळेतच असायचा. तो संध्याकाळी लख्ख उजेडात एकटा जेवायचा आणि तू भिंतीला टेकून उभी राहून त्याला वाढायचीस. एकदा त्यानं त्याचं ग्रंथालय दाखवलं. खिडकीशी त्याची ठरलेली खुर्ची होती, ती मी हात लावून पाहिली. परतताना उकडत होतं, चार वाजले होते, तुझे ओठ सुकले होते. त्यानं पाण्याची बाटली पुढे केली. तू मान हलवलीस. मी घेतली आणि तुझ्यादेखत अर्धी संपवली. पण दुपारचं जेवण आपलं दोघींचं असायचं. माहेरी तू कायम वाढत असायचीस, शेजारी बसून निवांत जेवलेली मला आठवत नाहीस. तिथे दीड वाजता तू माझ्यासमोर बसायचीस, मला अजून एक पोळी घ्यायला लावायचीस, माझ्या मुलांचं विचारायचीस. बाई, मला ते फार आवडलं होतं.

जुन्नरला आल्यावर तू साध्वींना विचारलंस का, हे मला कळलं नाही. विचारलं असशील तर मला एका शब्दानं बोलली नाहीस.

परवा त्याचा फोन आला होता. तुझं बोलत होता. “ताई, मी पोरांना सांगत असतो, माझी बाई एवढा समुद्र ओलांडून आली, पण नियमापायी माझ्याबरोबर एक घास खाल्ला नाही.” मग म्हणाला, “एकदा तरी बसायला पायजे व्हती गं.” मी म्हटलं, “हो रे.” हे पत्र वाचावं असा आता तोच एक उरलाय, आणि त्याला मी ते पाठवणार नाही. त्याचा आवाज ऐकून मला वाईट वाटलं, बाई. पण खरं सांगू, तू त्याच्याबरोबर एकदाही जेवली नाहीस, हे त्याच्या तोंडून ऐकताना मला अजूनही बरं वाटतं.