आधी वाढलेलं ताट

५ नोव्हेंबर

पोचले बाई सांगलीत. दहिवडीवरनं सकाळची एसटी धरली. मांडीवर डिंक-गोडंबीचं गाठोडं, पायात खारकांची पिशवी. शेजारच्या बाप्याला सांगितलं, पिशवीत नाग हाय, पाय जपून ठेवा. त्यो विट्यापत्तूर उभा ऱ्हाऊन आला. मला ऐसपैस जागा.

लेकीचं नाव प्रियदर्शनी. तिच्या बापानं पलटणीतनं पत्रानं धाडलेलं. त्ये माझ्या तोंडात कवा बसलंच न्हाई, म्हनून पिरी. तिला नववा लागलाय. जावई धैर्यशील, रहिमतपूरचा. नाव धैर्यशील, पर पालीला भितो. लग्नात मी त्याला सांगितलं हुतं, आमच्या हिरीवरची बाई नव्या नवऱ्याची चप्पल न्हेती. चार दिस गडी एकटा रानाकडं फिरकला न्हाई. तवापासनं दोघं म्हनत्यात, आईचं निम्मं बोलणं चेष्टा आन निम्मं थाप.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पर आमच्या गावात डॉक्टर आठवड्यातनं दोनदा येतो, म्हनून मीच माहेर पदरात बांधून हितं आले. महिनाभर ऱ्हाणार. शेरडं भामाबाईच्या दावणीला ठिवल्यात, ती काय जल्मभर सांभाळणार न्हाई. म्हनून पिरीनं डोकं चालवलं. बाळंतिणीचं सगळं आधीच शिजवून गोठवायचं, म्हंजे आई गेली तरी नुसतं गरम करून खायाचं. ह्या भाड्याच्या घरात आधीच्या बिऱ्हाडाचा एक आडवा फ्रीज हाय, आईस्क्रीमवाल्याकडं असतो तसला, पेटीवानी. मी म्हनलं, यात तर अख्खी बाई झोपंल. पिरी म्हनली, आई, अभद्र बोलू नगंस.

ही वही तिनंच दिली. कुठल्या दिशी कुठल्या डब्यात काय भरलं त्ये लिव म्हनली. सातवी शिकलीया मी. नुसतं मुगाचं कढण लिवून माझं कसं भागंल? बाकीचं बी लिवते.

७ नोव्हेंबर

आज मुगाचं कढण, शेपूची भाजी, आळिवाचं लाडू. लाडवाला कशाला बर्फ, पर पिरी म्हनली राहू दे. बाजरीच्या भाकरी बी गोठवायच्या म्हनल्यावर मला हसूच आवरंना. म्हनलं, उद्या सासूला बी डब्यात घालून ठेव, लागंल तवा गरम कर.

माझी सासू म्हनायची, मूल हातात यायच्या आधी त्याचं कायबी करू न्हाई. झबलं शिवू न्हाई, पाळणा आणू न्हाई. बाळंतिणीचं ताट तर वाढूच न्हाई, रिकाम्या पाटावर कोनबी येऊन बसतं. मी झबलं शिवलं न्हाई. पर डब्यात भरलेलं थोडंच ताट असतंय? पळवाट काढाय मी पटाईत.

दुपारी एकला कढण उतरलं. पिरीला चव दावायची म्हनून पाट मांडला, वाटी भरली, झाकली, आन हाक मारली – या बाळंतीणबाई, जेवाय बसा.

कोन आलं न्हाई. मग ध्यानात आलं, पिरी तपासायला गेलीया, घरात मी एकटीच. हात धुऊन आले तर वाटी रिकामी. म्हनलं, मांजर असंल. वाटीवरचं झाकण तसंच हुतं, त्ये आत्ता लिवताना आठवलं.

१० नोव्हेंबर

डबं रिकामं निघाय लागल्यात. आत चाटूनपुसून साफ, वर टोपण घट्ट, चिठ्ठी तशीच. मी जावयाला धरलं. म्हनलं, जावईबापू, बाळंतीण कोन, पिरी का तुमी? आळिवानं तुमाला बी दूध यील. गडी लाजून लाल. यमाईची आण घेतली, मी न्हाई म्हनून. मग मी त्याच्या नाकावर घसरले. त्याचं नाक म्हंजे नांगराचा फाळ. मी म्हनलं, बाळाचं नाक पिरीचं निघालं तर औंधाला यमाईला नारळ माझा, तुमचं निघालं तर तुमच्या आईनं फोडायचा.

चोर मातूर मी धरणार. एका डब्यात खाली ठेचा दाबला, वर कढण वतलं. उद्या बघू कोन बोंबलतंय.

११ नोव्हेंबर

दुपारी एकला फ्रीज उघडला. ठेच्याचा डबा रिकामा. झाकणाच्या आतल्या बाजूला बर्फ धरतं, त्यावर कुणीतरी बोटानं लिवलं हुतं.

तिखट नको. बाळ अंगावर पितं.

मी पिरीला हाका मारल्या, पाटावरनं उठवून आणली. तोवर बर्फ वितळून पानी झालं हुतं. पिरी पोटाला धरून हसली. म्हनली, आई, हिरीवरची बाई आता फ्रीजमधी आली व्हय?

मला हसू आलं न्हाई. त्ये अक्षर वळणदार हुतं. शिकलेल्या पोरीचं.

१२ नोव्हेंबर

वरच्या मजल्यावर मालकीण सुलाबाई ऱ्हाती. तिला सरळ इचारलं, आमच्या आधीच्या बिऱ्हाडात काय झालं? ती लसूण सोलत हुती. सोलता सोलता बोलली.

संयोगिता नावाची पोर हुती. आई लहानपनीच गेलेली, सासू बी न्हाई. बाळंतपण करायला कोन न्हवतं, म्हनून पोरीनं आठव्या म्हयन्यापासनं सोताच सोताचं सगळं शिजवून ठिवलं. तिनंच हा फ्रीज घेतलेला. डब्यांवर चिठ्ठ्या – पहिला दिवस, दुसरा दिवस, पार चाळिसापत्तूर. दवाखान्यात गेली त्ये परत आली न्हाई. ती बी न्हाई, मूल बी न्हाई. नवऱ्यानं घर सोडलं, फ्रीजकडं बघवंना म्हनला. सुलाबाईनं सगळं डबं गाडीत कचऱ्याला दिलं. म्हनली, मी तरी काय करू, मेलेलीचं कोन खाणार?

मी जिन्यावरच बसले. एवढी राबली आन एक घास पोटात गेला न्हाई. आन मी तिला ठेचा चारला.

१३ नोव्हेंबर

आज पाट मांडला. कढण, भाकरी, वर तूप, तिखटाचं नाव न्हाई. म्हनलं, लेकी, माझं चुकलं. ये, गरम हाय तवर जेव.

मी पाठ फिरवून बसले. पाठीमागं भाकरी मोडल्याचा आवाज आला. हळू खात हुती, बिचकत, परक्या घरी खातात तशी. लोक म्हनत्यात भुतं रातची येत्यात. ही दुपारी येती, जेवायच्या वक्ताला.

मला भ्या वाटलं न्हाई. रडू आलं.

१६ नोव्हेंबर

रोज वाढते. रोज ताट साफ. मी गप्पा बी मारते. एसटीतल्या नागाचं सांगितलं तवा फ्रीजमधनं हसल्यावानी आवाज आला. पिरीला वाटतं आईला एकटं बोलायची सवय लागली.

१८ नोव्हेंबर

पिरी दुपारची पडली हुती. उठून म्हनली, आई, पोटाला तेल लावलंस त्ये बरं वाटलं, पर तुझा हात किती गार.

मी तेल लावलं न्हाई. मी गिरणीत गेले हुते.

फ्रीज उघडला. बर्फावर दोनच शब्द – बाळ कधी?

१९ नोव्हेंबर

दोघांस्नी समोर बसवून सगळं सांगितलं. संयोगिताचं, ताटाचं, हाताचं. माझ्या नवऱ्याच्या फोटूवर हात ठिऊन सांगितलं. धैर्यशील आधी घाबरला, मग हसला. म्हनला, मामी, या टायमाला मी फसणार न्हाई, चप्पल घालूनच झोपतो. पिरी म्हनली, आई, आता पुरे, पोटात दुखतं हसून.

साठ वर्सं थापा मारल्या. एक खरं बोलले तर कुनाला पटंना. दोष कुनाला देऊ?

ताट वाढायचं बंद केलं. दुपारी फ्रीज आतनं वाजत हुता, कुणी टकटक करावी तसा.

२१ नोव्हेंबर

सकाळी कळा सुरू झाल्या. रिक्षा दारात. मी पिशवी घिऊन निघाले. मागं बघितलं – फरशीवर वल्ली पावलं. माझ्या मागनं. मी थांबले, ती थांबली. मी दोन पावलं चालले, ती दोन.

तवा समजलं. ती पिरीच्या मागं न्हाई. ताट बंद केलं तवापासनं ही जी वाढती तिच्या मागं हाय. मी दवाखान्यात गेले तर ही बी यील. बाळापत्तूर.

पिरी रिक्षातनं हात काढून रडत हुती, आई चल की. मी म्हनलं, चुलीवर दूध हाय, उतू जाईल, तुमी व्हा म्होरं.

चुलीवर काय बी न्हवतं.

आत आले. पाट मांडला.

२२ नोव्हेंबर

मुलगी झाली. दोघी सुखरूप. फोनवर पिरी बोलली, थकलीया. तू का येत न्हाईस म्हनली. गुडघा धरलाय म्हनलं.

माझा फोन बटणाचा, फोटू दिसत न्हाई. जावयाला इचारलं, नाक कुनाचं? त्यो म्हनला, सांगणार न्हाई, मामी. येऊन बघा.

माझीच चेष्टा माझ्यावर उलटली.

संयोगिता लय खाती आता. एकला न्हाई, कवाबी. मी बोलते, ती खाती. तोवर हितं ऱ्हाती.

२३ नोव्हेंबर

जावयाला फोन केला. म्हनलं, बाळंतिणीला रहिमतपूरला न्या, तुमच्या आईकडं. हितं आणू नका. त्यो म्हनला, पहिलं बाळंतपण आईनंच करायचं असतं, तुमीच म्हनला हुता.

मग पिरीला वाईट बोलले. पोरगी झाली म्हनून मला तोंड बघायचं न्हाई म्हनलं. जीभ झडली न्हाई माझी. ती खळाळून हसली. म्हनली, आई, निदान आज तरी चेष्टा नगं.

२४ नोव्हेंबर

डबं सरलं. लाडू पाच.

बर्फावर – बाळाला कधी आणणार?

तिला म्हनलं, लेकी, त्ये तुझं न्हाई. तुझं तुझ्यासंगं गेलं.

घर एवढं गार पडलं की पेन चालंना.

रडत हुती. मी पदर पुढं केला. पदर वल्ला झाला.

२५ नोव्हेंबर, सकाळ

दुपारी पिरीला घरी सोडणार. फोन आला.

संयोगिताला इचारलं, तुला माहेर हाय का गं?

म्हनलं, माझ्या गावाला येतीस? शेरडं हायती. ऊन लय हाय, गारठा जाईल तुझा. मी जल्मभर वाढीन. पर आत्ता निघायचं. मागं बघायचं न्हाई.

लेकीला न्यायचं म्हंजे ओटी भराय लागती. खण न्हवता, माझा नवा रुमाल घेतला. तांदूळ, नारळ, शेवटचा लाडू. पाटावर ठिवलं.

हात आला माझ्या हातात. केवढा बारीक.

दुपार

मागच्या पायरीवर. चप्पल एकच घावली. एका हातानं लिवते. पिरीसाठी ठिऊन जाते वही. पोरी, ही थाप न्हाई. दूध पाज, अंग शेक, तिखट खाऊ नगंस. माझ्या मागं गावाला येऊ नगंस, कवाच –

फाटक वाजलं. पिरी लवकर आली.

बाळ रडलं –

ती थांबली. संयोगिता माझा हात घराकडं वढती. मी धरलाय. बोटं बधिर झाली – सोडत न्हाई –

पिरी हाक मारती. आई. आई गं. ओ दिली तर मी वळीन, मी वळले तर ही बी बाळाकडं –

बाळाचा आवाज किती नाजूक. जावईबापू, नाक कुनाचं एवढं तरी मोठ्यानं –