आबांची दुसरी मूठ

१६ जुलै, बुधवार. धुळे
होळीपासून कोरी ठेवली तुला, माफ कर. आबांचं निदान झालं त्या आठवड्यात तारीख टाकून बसले होते. पुढे काही सुचलं नाही, झाकण लावून पेन ठेवून दिलं.

थोडक्यात : प्रोस्टेटचा कॅन्सर, हाडांत गेलेला. जळगावच्या स्कॅनमध्ये दिसलं. इंजेक्शनांनी भागेना म्हणून मेपासून केमो, इथे धुळ्यात, दर तीन आठवड्यांनी. ठरल्या आहेत सहा. परवा सोमवारी चौथी झाली. धाकटा भाऊ सतीश सुरतेत, म्हणून आबांना गावाहून आणणं, ठेवून घेणं माझ्याकडे. नवरा प्र. मदत करतो, कुरकुर नाही.

डॉ. परवा मला बाजूला घेऊन बोलले. रक्तातला पीएसएचा आकडा आधी उतरला, मग थांबला, आता जरासा वर. पुढच्या दोनांनी किती फरक पडेल ते सांगता येत नाही म्हणाले. थांबलं तरी दुखण्याचे, हाडांचे उपचार चालू राहतील. शेवटी म्हणाले, "आबांना काय हवंय ते विचारा."

दोन दिवस झाले. विचारलेलं नाही.

१९ जुलै
तोंड आलंय. ताक तेवढं उतरतं. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी कुस्करून दिली, दोन घास खाऊन ताट सारलं. सगळ्याला लोखंडाची चव येते म्हणाले.

हे बोलणारे आबा! अमळनेरच्या तेलाच्या मिलमधून यायचे तेव्हा सायकल दारात टेकायच्या आधी शेंगदाण्याचा वास घरात शिरायचा. माय म्हणायची, तुमचे सदरे तळून काढले तरी चालतील. तेलाचा थेंब तळहातावर चोळून माझ्या नाकाशी धरायचे, सांग कशाचं. मी दरवेळी करडई म्हणायचे, कारण करडई हा शब्द मला आवडायचा. तेही दरवेळी बरोबर म्हणायचे. फार उशिरा कळलं की बहुतेकदा ते शेंगदाण्याचंच असायचं.

आज त्यांचा हात हुंगून पाहिला, झोपले असताना. डेटॉल.

२४ जुलै
माती तपासणीच्या ऑफिसात नमुने साचलेत. शेतकरी रिपोर्ट घेतो आणि आकड्यांकडे बघत नाही, थेट विचारतो, ताई, मग टाकू काय? मी शिफारशीच्या रकान्यावर बोट ठेवते. आबांच्या रिपोर्टला तो रकाना नाही. मी पाठीमागेही पाहिलं, खरंच.

संध्याकाळी आबांनीच विषय काढला, पण वेगळा. श्रावणातला कानबाईचा सण तीन तारखेला, रविवारी. सोमवारी सकाळी विसर्जन. आणि सोमवारीच पाचवी केमो. म्हणाले, ह्या साली मूठ टाकानी शे, म्हणजे गावी जायचं. एवढंच. मग टीव्ही लावला.

२५ जुलै
डॉ. ना फोन. एक आठवडा पुढे ढकललं तर चालेल, ११ ला या. इतकं सोपं होतं. मी उगाच वाद घालायची तयारी करून बसले होते.

आबांना सांगितलं तर बोटं चोळत राहिले. टोकं बधिर झालीत, गुंडी लागत नाही. सतीशच्या लग्नातला सैल बाह्यांचा पांढरा सदरा घालतात, मायने कापड निवडलेला. सुई लावायला बाही वर सरकते म्हणून नर्सलाही तोच आवडतो. लग्नात तो त्यांना बरोबर बसला होता.

२७ जुलै, रविवार
सतीशचा फोन. कोर्स पूर्ण करायचा, मध्ये सोडायचं नाही, आकडा पुन्हा उतरेल. मी म्हटलं डॉ. तसं म्हणत नाहीत. तो म्हणाला डॉ. नाही पण म्हणत नाहीत. हेही खरंच.

तारीख पुढे गेल्याचं त्याला सांगायचं राहिलं. उद्या सांगते.

२ ऑगस्ट, शनिवार. गाव
एस.टी.ने आलो. आबांना खिडकी मिळाली. पारोळ्याचा किल्ला दिसला तसं दरवेळचं वाक्य, "आठे तुन्या मायनी बांगड्या भरेल व्हत्यात." मी नेहमीसारखं विचारलं, किती? नेहमीसारखं उत्तर, मोजू दिल्या नाहीत.

घरी अंगणात गहू. लहानपणचंच सगळं. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू पडणार, त्याच पिठाचे कानबाईचे रोट होणार, आणि ते फक्त भाऊबंदांनीच खायचे, पौर्णिमेच्या आत संपवायचे. चक्कीवाला आज गिरणी धुऊन बसलेला. सहा-सात वर्षांची असताना मीही रांगेत उभी राहून मूठ पुढे केली होती. आबा हसले, म्हणाले, "तुनी मूठ तुन्या सासरना रोटमा." सासरी आल्यावर कळलं, तिथेही पुरुषांचीच मोजतात. आबांना हे कधी सांगितलं नाही. त्यांना माहीत असणारच.

आज सुपापाशी बसले. मूठ भरली आणि गहू बोटांच्या फटींतून खाली. पुन्हा भरली, पुन्हा तेच. सगळे बघत होते. चुलतभाऊ रमेश म्हणाला, मोठे आबा, मी टाकू का तुमच्या नावाची. आबांनी मान हलवली. माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "माले समजत नही मुठमा गहू शेत का नहीत."

मी खाली बसले आणि त्यांच्या मुठीभोवती माझे दोन्ही हात धरले. विचार करून नाही. सव्वा मूठ सुपात पडली.

काकू (आबांच्या धाकट्या भावाची बायको, पहिल्यापासून फटकळ) म्हणालीच, आंडेरना हात लागना, लेकीचा हात लागलेला रोट देवीला कसा चालेल. आबा शांतपणे म्हणाले, "मूठ मनीच शे. तिनी नुसती झाकेल शे."

हातांना अजून गव्हाचा धुरळा आहे. धुतले नाहीत.

तीच रात्र
लिहायचं राहिलं, खरा गोंधळ पुढेच. सतीश बाजारातून आला, हातात डांगर, लाल भोपळा. आबांना सुपापाशी बघून जागीच थांबला. तो दुपारीच सुरतेहून पोचला होता. आबांची केमो सोमवारी, म्हणजे ते येणार नाहीत, असं धरून त्याने त्यांच्या नावाची मूठ कोणाला न सांगता आधीच टाकली होती. मी फोन केला नाही, त्याचं हे फळ.

एका माणसाच्या दोन मुठी. असं कधी झालं नव्हतं. मूठ वाढते ती घरात मुलगा जन्मला की. गहू एकमेकांत मिसळलेले, आता कोणते काढणार? म्हातारी माणसं सुपाकडे बघत राहिली. मला त्या बघण्याची भीती वाटली. सतीशचा चेहरा पडलेला.

आबा म्हणाले, "म्हनजे माले दुसरा जन्म भेटना. पाळना बांधा आते."

आधी काकू हसली. मग सगळे. काकूनेच निकाल दिला, पडेल मूठ कोनी काढस नही, ज्याची त्याने खायची. तोंड आलेल्या माणसाला दोन माणसांचे रोट, तेही शनिवारच्या पौर्णिमेच्या आत.

३ ऑगस्ट, रविवार
कानबाई बसली. तोच नारळ, तीच नथ, तेच चांदीचे डोळे. मायच्या सासूच्याही आधीपासूनचे म्हणतात. बायका गाणी म्हणत होत्या. मायची जागा खांबाजवळ असायची, तिथून ती सुरू करायची आणि सूर फार वर लावायची, मग बाकीच्यांची धावपळ. आज सूर सगळ्यांना झेपेल असाच लागला. तेच चुकल्यासारखं वाटलं.

आबांनी रोट दुधात भिजवून खाल्ला. मी समोर बसून पुरणपोळी. मला रोट नाही, याचं आयुष्यात पहिल्यांदाच काही वाटलं नाही. की वाटलं? ठरवता येत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
बोरी नदीवर विसर्जन. आबा काठावर खुर्चीत. सतीश आणि मी पाण्यात पाय सोडून.

तो म्हणाला, अर्धवट सोडायचं का ताई? मी चव, बोटं, रात्रीची लघवीची उठबस सगळं सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तू थकलीस, ते कबूल कर."

खोटं असतं तर इतकं लागलं नसतं. गेले पंधरा दिवस हेच तपासतेय. थांबावं असं वाटतं ते आबांसाठी, की दर तीन आठवड्यांनी ती हॉस्पिटलची पायरी चढायला मला नको म्हणून? मातीत दोन क्षार असले तर वेगळे काढता येतात. हे येत नाहीत.

पण त्यालाही विचारायला हवं होतं. चालू ठेवावं हे आबांसाठी, की लांब राहतो म्हणून? विचारलं नाही. तो वाकून आबांच्या पायाची वाळू पुसत होता.

७ ऑगस्ट
रजा वाढवून गावातच आहे. सतीशही थांबलाय.

आज सकाळी रोटाचा तुकडा चघळता चघळता आबा थांबले. "गूळ लागना," म्हणाले, म्हणजे जिभेला कळला. पुन्हा एक तुकडा. डोळे मिटून. मग काकूला हाक मारून सांगितलं की ह्या साली गूळ कमी पडलाय. ती म्हणाली, येवढा दिवस बरा लागत होता तुमले? दोघं अर्धा तास भांडले. मी आत जाऊन रडून घेतलं.

दुपारी उजव्या खुब्यात कळ आली. केमो सुरू झाल्यापासून तिथे दुखलं नव्हतं. गोळीने बसली. हे मुद्दाम लिहून ठेवते, नाहीतर माझ्या आठवणीत आजच्या दिवसाचा गूळ तेवढा उरेल.

९ ऑगस्ट, शनिवार. पौर्णिमा
रोट संपले. शेवटचा तुकडा आबांनी सतीशला दिला आणि म्हणाले, ही तू टाकेल मूठ शे, तूच संपव. सतीशने खाल्ला. राखी बांधली तेव्हा त्याने हात लवकर काढला नाही.

मग मी विचारलं. दोघांच्या देखत, सरळ, आबा, तुम्हाला काय हवंय? पुढच्या दोन घ्यायच्या की थांबायचं? डॉ. बोलले ते सगळं सांगितलं, खुब्याचंही.

ते म्हणाले, "तुले काय वाटस?"

मी म्हटलं, आबा, मी थकलेय, म्हणून माझं वाटणं धरू नका. हे मोठ्याने म्हटल्यावर ते ओझं थोडं कमी झालं. सतीश म्हणाला, मी भितो, म्हणून माझंही धरू नका.

आबांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं, लहानपणी आमच्या भांडणात बघायचे तसं. मग बाहेर बघत म्हणाले की मिल बंद व्हायच्या दिवशी मुकादम विचारत होता, शेवटचा घाणा घ्यायचा का. पुढे काय झालं ते सांगितलंच नाही. मी विचारणार तर काकू आली, चहा घेऊन.

१० ऑगस्ट, रविवार. धुळे
तिघंही आलो. सतीश उद्या आमच्याबरोबर येतोय, पहिल्यांदाच. आबांना बाहेरच्या खोलीत खाट टाकली. जेवण बरं. शेवभाजीचा रस्सा मागितला, तिखट लागत नाही म्हणून वर ठेचा.

झोपायला जाताना म्हणाले, "डॉक्टरले मी सांगसू. तुम्ही दोन्ही संगे चाला, पन बोलानं नही."

काय सांगणार, ते विचारायचं होतं. सतीशने माझ्या दंडावर हात ठेवला आणि मी थांबले. त्यांनी ठरवलंय, की खुर्चीत बसल्यावर ठरवतील? दार उघडं आहे, खाटेवरून खोकला ऐकू येतो. तेलाचा घाणा शेवटी घेतला होता का, हेही अजून कळलेलं नाही. माय असती तर तिला माहीत असतं.

सदरा दोरीवर वाळलाय. सुई लागली तरी तोच लागेल, नाही लागली तरी उद्या तोच घालतील.

उद्या : निघायच्या आधी सदऱ्याला इस्त्री.